अक्षर उत्तम

६ जानेवारी

नवी वही. पहिल्या पानावर काहीतरी शोभेसं लिहावं असं दोन दिवस मनात घोळत होतं. आज बसलो तर पेन चालेना, आणि पेन चाललं तर हात चालेना. 'ज' काढायला गेलो, त्याचा पाय लटपटला. उतारवयात अक्षरालाही गुडघे असतात हे आजच कळलं.

सूनबाई ऑफिसला, नात कॉलेजला, मी खिडकीशी. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर वाऱ्यानं फुगते आणि दमून परत खाली बसते. सकाळपासून तिच्याकडे बघतोय. आमचं दोघांचं बरं जमतं.

डोळ्यांत थेंब घातले की अर्धा तास मिटून पडावं लागतं. तेवढ्यात पाचवीच्या पुस्तकातली नदीची कविता मनात म्हणून बघितली. तिसऱ्या कडव्यातली एक ओळ काही केल्या सापडली नाही. पूर्वी अशी ओळ हरवली की हिला हाक मारायचो, आणि ही हातातलं काम न थांबवता आतूनच ओळ फेकायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली. ओळी एकेक करून तिच्या मागोमाग निघाल्यात.

९ जानेवारी

नात आज जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसली होती. आम्ही तिला मुंगी म्हणतो. रांगायला लागली तेव्हापासून घरात तिचा पाय एका जागी ठरलेला नाही, म्हणून. पण हल्ली फार बसते. बसते आणि लिहिते.

डोकावलो. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाचं प्रोजेक्टचं जर्नल. काय अक्षर! एकसारखं, उभं, काना-मात्रा जागच्या जागी. चार जणांच्या गटाचं काम, आणि वरती चार नावं लिहिलेली. मुंगीचं नाव शेवटी.

"चौघांचं तू एकटीच लिहितेस?"

"हो."

"आणि बाकीचे तिघं?"

"ते प्रोग्राम लिहितात."

"मग वाटणी झकास झाली की."

तिनं मान वर केली. "वाटणी कुणी केली पण, आजोबा?"

"कुणी?"

"कुणीच नाही. पहिल्या दिवशी आमचा लीडर म्हणाला, तुझं अक्षर भारी आहे, तू लिही. झालं. तीन सत्रं झाली त्याला."

खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. चौरेघी वहीत तिच्याकडून रोज एक पान कुणी गिरवून घेतलं? मीच ना. म्हटलं, "बघ, आजोबाचे कष्ट कुठे फळाला आले!" ती हसली नाही. तिचा चष्मा आता माझ्याइतकाच जाड दिसतो.

जाता जाता गंमत म्हणून विचारलं, "तुमच्या वर्गात मुली किती?"

"बासष्टात सात होतो."

"मग सातही जणी जर्नलच लिहितात का?"

"सहा," ती म्हणाली. "सातवीनं कॉलेज सोडलं."

१२ जानेवारी

मुंगीनं माझ्यासमोर एक कागद ठेवला. शाखा बदलण्याचा अर्ज. खाली 'पालकाची सही' अशी रिकामी रेघ. तिचा बाप, म्हणजे आमचे चिरंजीव, कामासाठी परगावी. दोन महिन्यांतून एकदा उगवतात. फोनवर म्हणाले, "तिला वाटेल ते करू दे. सही बाबांची घ्या." शेवटची तारीख ३१ जानेवारी, संध्याकाळी पाच.

'कोणत्या शाखेत जाण्याची इच्छा आहे?' या प्रश्नापुढे तिनं लिहिलं होतं: भाषा व साहित्य.

वही खोटं बोलायला नसते, म्हणून लिहून ठेवतो: मला आनंद झाला. इतका की चष्मा पुसावा लागला. घरात कुणीतरी पुन्हा कविता मोठ्यानं वाचेल. हरवलेली ओळ विचारायला माणूस मिळेल.

तरी विचारलं, "पण का गं?"

"मला प्रोग्राम लिहिता येत नाही."

"बारावीला तर तूच पहिली आलीस त्यात."

"तेव्हा येत होतं. आता नाही येत." आणि मग अगदी सपाट आवाजात, "हात लागला नाही की जातं, आजोबा."

सही करायला पेन उघडलंच होतं, तेवढ्यात सूनबाई दारातून म्हणाली, "थांबा, बाबा." अर्ज सध्या या वहीत, मागच्या पुठ्ठ्याशी आहे.

१५ जानेवारी

सूनबाई ऑफिसातून आली, चपला काढल्या आणि तिथेच दाराशी स्टुलावर बसून राहिली. पर्ससुद्धा खांद्यावरच. मी पाणी नेऊन दिलं.

"बाबा, सही करू नका," ती म्हणाली. "आमच्या ऑफिसात बघते ना मी. कॉम्प्युटरवर बसतो आम्ही बायका. मशीन कुठलं घ्यायचं, त्यात काय भरायचं, हे ठरवायला आत बसतात ते पुरुष. वीस वर्षं तेच चाललंय. मला वाटलं होतं, ही तरी आत जाऊन बसेल."

"पण तिला साहित्याची ओढ असेल तर?"

"ओढ आहे की पळ आहे, तेवढं विचारा तिला. तुमचं ऐकते ती." उठता उठता पुन्हा वळली. "आणि हे बघा, कवितेतलं नको हं. सरळ बोला."

कवितेतलं म्हणजे काय वाईट असतं कोण जाणे. पण ती फार दमलेली दिसत होती. मी रिकामं भांडं उचलून आत ठेवलं.

१७ जानेवारी

मुंगीच्या गटाला जर्नलच्या चार प्रती हव्या होत्या. म्हटलं, मी आणतो, तेवढेच पाय मोकळे होतील. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बंद, म्हणून बँकेच्या मागच्या गल्लीत गेलो. दीड माणूस मावेल एवढं दुकान. आत पन्नाशीकडे आलेली एक बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तिनं वही घेतली, चष्मा लावला, वहीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"सर ना तुम्ही? कॉम्प्युटरचे सर?"

मी जरा दुखावलोच. चौतीस वर्षं भाषा शिकवली. "मी भाषेचा," म्हटलं.

"आम्हाला तुम्ही कॉम्प्युटरचेच," ती म्हणाली आणि नाव सांगायच्या आधीच मला ओळख पटली. मोतीबाई! मीच तिला वर्गात हे नाव पाडलं होतं. मोत्यासारखं अक्षर. तीसेक वर्षांत असं अक्षर मी पुन्हा पाहिलेलं नाही.

त्याचं असं झालं होतं. शाळेला कुणीतरी सहा कॉम्प्युटर भेट दिले. विज्ञानाच्या सरांनी नेमकी तेव्हाच बदली घेतली. हेडसरांनी माझा एक तास मोकळा बघितला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "पोरं शिकतील पुस्तकातून. तुम्ही फक्त शिस्त बघा." मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शिस्त कळत होती. एका यंत्रावर दोन जण: एकानं टंकायचं, एकानं लिहून घ्यायचं. काय टंकलं, काय उमटलं, सगळं वहीत. मुलांचं अक्षर म्हणजे कोंबडी नाचल्यासारखं. तेव्हा मुलगा यंत्रावर, मुलगी वहीवर. घड्याळासारखा तास चालायचा. खोलीत चपला काढून जायचं, मोठ्यानं बोलायचं नाही. किती प्रसन्न खोली होती ती! आणि त्या वह्या!

मोतीबाईला सगळं लख्ख आठवतं. एकीकडे मशीनचं झाकण उघडमीट करत तिनं एक अख्खा प्रोग्राम तोंडपाठ म्हणून दाखवला. ओळ दहा, ओळ वीस, ओळ तीस. मी भारावून गेलो. पाढ्यासारखी लय होती त्याला.

"तू भिंगरीच्या यंत्रावर होतीस ना?" मी विचारलं. भिंगरी म्हणजे आमचा एक हुशार, चुळबुळ्या विद्यार्थी. आता परदेशात मोठ्या कंपनीत आहे. मला त्याचं पत्र आलं होतं, 'सर, तुमच्या खोलीतच माझं आयुष्य घडलं.' शाळेच्या वार्षिकात छापलंय ते.

"हो. मी सांगायचे, तो टंकायचा," मोतीबाई म्हणाली. "बोटं फार भराभरा चालायची त्याची."

"आणि तुझी?"

"मी दोन वर्षांत हात लावला ना त्याला. दर शनिवारी. आम्ही मुली फडक्यानं पुसायचो, आठवतं?"

आठवतं! पिवळी फडकी. मीच आणली होती घरून.

निघताना म्हटलं, "तुझ्या वह्या मी अजून जपून ठेवल्यात बरं का."

तिचा हात बटणावर तसाच थांबला. "कशाला हो, सर?" ती म्हणाली.

विनय जुनाच आहे तिचा.

२० जानेवारी

मुंगीला मोतीबाईची हकिगत खुलवून सांगितली. ओढ आहे की पळ ते विचारायचं तर आधी रमवावं. यंत्रं, पिवळी फडकी, भिंगरी, सगळं. मला वाटलं, तिला मजा येईल. ती हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली.

"नियम कुणी केला होता? एकानं टंकायचं, एकीनं लिहायचं?"

"मीच. साधाच होता, पण बघ, किती—"

"आजोबा, त्या भिंगरीसारखे आणखी किती जण पुढे यात गेले?"

मी बोटांवर मोजलं. भिंगरी. वाण्याचा धाकटा. तो उंच, बोबडा बोलणारा. कंपाउंडरचे जुळे. "पाच तर नक्कीच."

"आणि मुली?"

मोजायला लागलो. चेहरे भराभर आले. एकेकीचं अक्षरसुद्धा डोळ्यांपुढे आलं. कुणाचा 'क्ष' कसा, कुणाचा 'ळ' कसा, ते मी आजही सांगेन. पण कोण कुठे गेली ते काही आठवेना. चहा पार गार झाला. एकही नाव सापडलं नाही.

"स्मरणशक्ती दगा देते हल्ली," मी म्हटलं.

मुंगी उठली. माझा गार चहा उचलून गरम करून आणला आणि आत गेली.

२३ जानेवारी

आज दुपारी ट्रंक उघडली. वाकलो, ते सरळ व्हायला दहा मिनिटं लागली. मोतीबाईच्या दोन वह्या तळाशी होत्या. वाटलं, मुंगीला दाखवाव्यात. अक्षर हीही एक कलाच आहे, हे तिला पटेल. आणि तसं पटून ती साहित्याकडे गेली तर तो पळ नव्हे, मग सही करायला मी मोकळा.

वही उघडून खिडकीशी बसलो. या प्रोग्रामांच्या ओळी मला तेव्हाही आवडायच्या, ते आठवलं. एक आखूड, एक लांब, मधेच एक आत सरकलेली. मुक्तछंदातली कविता वाटायची. अर्थ कळत नसला तरी डोळ्यांना बरं वाटायचं. प्रत्येक पानाखाली माझा लाल शेरा: 'अक्षर उत्तम.' 'मोत्याचे दाणे!' 'शाबास.'

दुसऱ्या वहीच्या सव्विसाव्या पानावर वर्गातल्या चाळीस नावांची अकारविल्हे यादी करायचा प्रोग्राम आहे. पुस्तकातला. कवायतीला पोरं उंचीप्रमाणे उभी करतात ना, तसाच: शेजारच्या दोघांना बघायचं, चुकीचे उभे असतील तर अदलाबदल करायची, पुढे सरकायचं, आणि अशा फेऱ्यांवर फेऱ्या. आमच्या यंत्राला फार वेळ लागायचा त्याला. पडदा घुम्यासारखा बसून राहायचा. तेवढ्या वेळात मी वर्गाला एक कविता म्हणून दाखवायचो. ते माझं फार आवडतं काम होतं. यंत्र विचार करतंय, मी कविता म्हणतोय.

पानाच्या तळाशी, समासाबाहेर, बारीक अक्षरात तिनं लिहिलंय:

'एका पूर्ण फेरीत एकाही नावाची अदलाबदल झाली नाही, तर रांग लागलेलीच आहे. मग उरलेल्या फेऱ्या कशाला? त्यासाठी तीन ओळी वाढवाव्या लागतील. खाली लिहिल्या आहेत. सर, मी एकदा करून बघू का?'

खाली तीन ओळी. त्यांच्याखाली माझा लाल शेरा.

अक्षर उत्तम.

पुढचं पान बघितलं. मागचं बघितलं. 'हो' कुठेच नाही. 'नाही'ही नाही.

चादर आज गच्चीवर नव्हती. नुसती दोरी होती.

२४ जानेवारी

मुंगीसमोर सव्विसावं पान उघडून ठेवलं. तिनं वाचलं, उभ्या उभ्याच लॅपटॉप उघडला आणि टंकायला लागली. पुस्तकातला प्रोग्राम आधी, मग त्या तीन ओळी घालून. नावं विचारली, मी हजेरीपटासारखी चाळीस म्हणून दाखवली. ती नावं मात्र सगळी आठवली.

"हे बघा," ती म्हणाली. "पुस्तकातला एकोणचाळीस फेऱ्या मारतो. हिचा अकरा मारतो आणि थांबतो."

"म्हणजे बरोबर आहे?"

"बरोबर काय! आम्हाला हे गेल्या वर्षी शिकवलं. ही तेव्हा किती वर्षांची होती?"

"चौदा."

"आणि हे करून बघायला मिळालं तिला?"

मी मान हलवली. माझी कविता आखूड झाली असती, एवढंच नुकसान होतं.

मुंगी बराच वेळ पानावरून बोट फिरवत बसली. माझ्या लाल शेऱ्यावर आल्यावर बोट थांबलं. मला वाटलं, आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "अर्ज कुठाय?"

वहीतून काढून दिला. तिनं तो उलटसुलट करून बघितला आणि परत माझ्या हातात ठेवला. "राहू दे तुमच्याकडे. एकतीसला अजून आठवडा आहे. मी उद्या विभागात जाऊन येते."

२६ जानेवारी

मुंगी गटातून बाहेर पडली. मॅडम किंवा सर जे कोण असतील त्यांच्याकडे जाऊन म्हणाली, माझं मी एकटीनं करते. ते म्हणाले, कर, पण तारीख तीच, आठ फेब्रुवारी. आणि हस्तलिखित जर्नल साठ पानांचं, तेही तेव्हाच. लीडर म्हणाला म्हणे, "अगं, मग आमचं कोण लिहिणार?"

विषय तिनं दवाखान्याच्या रांगेचा घेतलाय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझे दोन-दोन तास जातात, त्यावरून सुचला. कुणाचा नंबर साधारण किती वाजता लागेल हे सांगणारा प्रोग्राम.

सूनबाईनं हिशेब मांडला. चौदा दिवस, प्रोग्राम एकटीनं आणि वर साठ पानं. "माणूस आहेस की कारखाना?"

मुंगीच्या डोळ्यांखाली काळं आलंय. पेन उघडून अर्जावर सही करून टाकावी, पोरीचा जीव सुटेल, असंही एकदा मनात आलं. मग सव्विसावं पान आठवलं. शिवाय सुटणार कुणाचा जीव, हेही नीट कळेना.

२७ जानेवारी

मुंगी आणि मी मोतीबाईच्या दुकानात गेलो. दुकानात तीन गिऱ्हाइकं. मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर म्हटलं, "तुझ्या त्या तीन ओळी. परवा हिनं घालून बघितल्या. चालतात."

"माहीत होतं," मोतीबाई म्हणाली. "किती प्रती काढू?"

मी म्हटलं, "प्रती नकोत. मी... माझं चुकलं. तू विचारलं होतंस, मी वाचलंच नाही. अक्षर बघितलं, मजकूर बघितलाच नाही."

"सर, तुम्हाला कळत नव्हतं त्यातलं. आम्हाला माहीत होतं ते."

"मग विचारलंस कशाला?"

"दुसरं कोण होतं?" ती म्हणाली. रागावली असती तर मला काहीतरी म्हणता आलं असतं. ती रागावली नाही. "आणि कळायला कशाला हवं होतं? 'कर' म्हणायचं होतं फक्त."

मुंगीनं लॅपटॉप काउंटरवर ठेवला. "मावशी, तुमचाच प्रोग्राम आहे. तुम्ही चालवा ना एकदा. हे बटण."

मोतीबाईनं पडद्याकडे बघितलं. तिच्या ओळी होत्या त्यावर. मागचा माणूस म्हणाला, "अहो ताई, माझं आधार कार्ड तेवढं द्या ना काढून."

"आत्ता नको गं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आहे." आणि लॅपटॉप परत करता करता शेजारचं फडकं उचलून तिनं त्याच्या झाकणावरची धूळ पुसली. सवयीनं. कोपऱ्यासकट.

मी रस्त्याकडे बघत राहिलो. येताना मुंगीनं माझा हात धरला होता. मला आधार म्हणून असेल.

२९ जानेवारी

मुंगीनं सकाळी बॉम्ब टाकला. "आजोबा, जर्नल तुम्ही लिहा."

"मी? माझा हात बघ जरा!"

"चौघांचं जर्नल एकीच्या अक्षरात चालतं तीन सत्रं. मग एकीचं आजोबांच्या अक्षरात का नाही चालणार? विचारून आलेय. सर हसले. म्हणाले, नियमात 'हस्तलिखित' एवढंच आहे, हस्त कुणाचा ते लिहिलेलं नाही."

"अगं, पण मला त्यातलं काही—"

"कळायला कशाला हवं? मी सांगते, तुम्ही लिहा."

सूनबाई डबा भरत होती. तिला हसू आवरेना. बऱ्याच दिवसांनी ऐकलं तिचं हसू. "बाबा, बसा आता वहीवर. आणि काना-मात्रा जागच्या जागी हं!"

३१ जानेवारी

पाच पानं झाली. दिवसभरात पाच. बोटं आखडतात, कोमट पाण्यात बुडवून पुन्हा बसतो. मुंगी समोर लॅपटॉपवर, नजर पडद्यावर, तोंडानं सांगते, मी लिहितो. मधेच "अहो, थांबा, ते चुकलं, खोडा," म्हणते. खोडतो. मग तासभर काहीच सांगत नाही. काय चाललंय विचारलं तर "श्श." मी पेन हातात धरून नुसता बसून. तिला काही सापडलं की ओरडते, नाचते. मला काय सापडलं ते कळत नाही. हातात पेन घेऊन दुसऱ्याचा आनंद बघत बसणं काय असतं ते आज कळलं. मोतीबाई दोन वर्षं बसली होती.

एकदा धीर करून म्हटलं, "इथे एक ओळ मला उगाच दोनदा आल्यासारखी वाटते." मुंगी थांबली, बघितलं. "हो की! बरोबर आहे तुमचं." माझे कान गरम झाले. सत्त्याहत्तराव्या वर्षी!

आत्ता अर्जाची आठवण झाली. घड्याळ बघितलं. सहाला दहा कमी. मुंगीला सांगितलं तर म्हणाली, "पान सहा. मथळा लिहा."

५ फेब्रुवारी

वाईट दिवस. प्रोग्राम पडला. तीनशे माणसं रांगेत घातली की अडकतो म्हणे. मुंगी चिडली, सूनबाईवर ओरडली, मग रडली. "ते तिघं असते तर एव्हाना झालं असतं. मला येत नाही, सांगत होते मी." सूनबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मला एकच सुचलं. म्हटलं, "कर."

"काय कर?"

"जे करून बघायचंय ते. कर."

ती नाक पुसत बसली पुन्हा. मी पान एकेचाळीसवर होतो. माझी ओळ आता सरळ चालत नाही. रेघ आखलेली असूनही खाली घसरते.

१४ फेब्रुवारी

जर्नल परत मिळालं. प्रोग्राम सर्वांसमोर चालवून दाखवला मुंगीनं. तीनशे माणसांची रांग. एका परीक्षकानं विचारलं म्हणे, "प्रोग्राम कुणी लिहिला?" ही म्हणाली, "मी." त्यानं पुन्हा विचारलं. ही पुन्हा म्हणाली, "मी." तिसऱ्यांदा त्यानं नाही विचारलं. "पाय लटपटत होते माझे, तुमच्या 'ज'सारखे," मला सांगत होती. म्हणजे ही वही वाचते कार्टी! जरा रागावणार होतो, पण राहिलंच.

सगळं काही गोड नाही. वर्गातल्या सहा मुलींपैकी एकीनं एकतीस तारखेला शाखा बदलायचा अर्ज दिला. आता पाच. मुंगी हे सांगताना फार थकलेली वाटली. पुढच्या सत्रात गटातच काम करावं लागणार आहे. लीडरचा निरोप आलाच: 'या वेळी तरी आमच्याकडे लिहायला ये.' तिनं उत्तर दिलेलं नाही अजून.

जर्नल मुंगीनं मोतीबाईकडून बांधून आणलं. तिनं पानं चाळली म्हणे, आणि विचारलं, "हे लिहिलंय कुणी?" मुंगीनं सांगितलं. मोतीबाईनं पुठ्ठा चांगला, जाड घातला.

शेवटच्या पानावर परीक्षकाचा लाल शेरा आहे. चष्मा लावून दोनदा वाचला.

'प्रोग्राम उत्तम. अक्षर फारच गचाळ. सुधारावे. दोन गुण वजा.'

मुंगीच्या त्या बिनसहीच्या अर्जाची मागची बाजू कोरी आहे. सकाळपासून त्यावर 'ज' गिरवतोय. अजून पाय लटपटतो. पुढच्या सत्राच्या जर्नलला पाच महिने आहेत.